खोका वाघिणीवर, नाहीतर मी बोहल्यावर

परवा माझ्या भाचीच्या सासूबाईंनी विचारलं, "तुम्ही नोकरीत नेमकं काय करत होता हो?" मी म्हटलं, "खोके काढत होते." त्या बिचाऱ्या "अगं बाई" म्हणून गप्प बसल्या. त्यांना वाटलं असणार, कुठल्यातरी गोदामातून खोके बाहेर काढून द्यायची. मी ते कागदावर काढत होते, हे सांगायच्या आत चहा आला आणि विषय मिटला. आमच्या घराण्यात माझ्या नोकरीचं कायम असंच होत आलंय. त्यामुळे या दिवाळी अंकाच्या संपादकांचा त्या नोकरीवर लिहा म्हणून फोन आला, तेव्हा मी आधी खात्री करून घेतली की त्यांनी चुकीच्या बाईंना तर फोन लावला नाही ना.

तर खोका म्हणजे आज तुम्ही ज्याला कंटेनर म्हणता तो. आता लहान मुलंही त्याला ओळखतात. आम्ही त्याच्या मागे लागलो तेव्हा मुंबईत तो दाखवून समजावून सांगावा लागे. समजा, दादरच्या एखाद्या दुकानदाराला नागपूरला चिनी मातीच्या बरण्या पाठवायच्या आहेत. हमाल त्या दुकानातून लॉरीत चढवणार, मालधक्क्यावर उतरवणार, तिथून रेल्वेच्या वॅगनमध्ये भरणार. नागपूरला पुन्हा उतरवणार, पुन्हा लॉरी, पुन्हा दुकान. प्रत्येक चढउतारीत चार बरण्या राम म्हणणार आणि एखादी कुणाच्यातरी घरी लोणचं घालायला जाणार. आमचं म्हणणं इतकंच, की बरण्या हलवूच नका, बरण्यांची खोली हलवा. बरण्या एकदा खोक्यात भरा, मग तो खोकाच लॉरीवरून उचलून रेल्वेवर ठेवा.

ऐकायला सोपं आहे. पण या खोक्याला सासवा तीन. पहिली सासू रस्ता. ती त्याला खालून उडवते, म्हणून तळ भक्कम हवा. दुसरी रेल्वे. ती डबे जोडताना मागून-पुढून अशी ढुशी देते की आतला सगळा माल टोकाच्या भिंतीवर जाऊन आदळतो, म्हणून टोकाच्या भिंती भक्कम हव्यात. तिसरी क्रेन. ती डोक्याला धरून वर खेचते. तिथे नुसतं छप्पर मजबूत करून भागत नाही. जेवणाच्या चार पुडांच्या डब्याची कडी पाहा. धरतो आपण वरून, पण ती कडी पार खालच्या पुडापर्यंत गेलेली असते, म्हणून वरण रस्त्यावर सांडत नाही. खोक्याचे चार कोपऱ्यांचे खांब म्हणजे तीच कडी. तिन्ही सासवांचं करायचं आणि वर वजनाने हलकंही राहायचं, कारण भाडं वजनावर. मला तर पहिल्या दिवसापासून त्या खोक्याची दया यायची.

आमची कंपनी होती चिंचपोकळीला, स्टेशनाच्या अंगाला, आणि ती मुळात खोक्यांची नव्हतीच. ती लोखंडी कपाटांची. मुलीच्या लग्नात आंदण द्यायचं ते आरशाचं कपाट म्हटलं की त्या काळात गिरगावपासून दादरपर्यंत आमचं नाव घेत. कंपनीचे मालक गुजराती होते. त्यांना सगळे नुसतंच शेठ म्हणत. आमच्या कपाटाची दोन वैशिष्ट्यं शेठ येईल त्याला सांगत. एक म्हणजे दाराच्या फटीत कागदसुद्धा जायचा नाही. आणि दुसरं म्हणजे मूठ दारात खोल बसवलेली, बाहेर अजिबात न येणारी. "बेन लोकांचा पदर अडकते ना," असं ते म्हणायचे. ही मूठ लक्षात ठेवा, ती पुढे आपल्या कामाला येणार आहे.

कपाटांच्या या घरात खोका आणला आजगावकरांनी. ते मूळचे सावंतवाडीकडचे, राहायला लालबागला. रेल्वेच्या कारखान्यातली पेन्शनीची नोकरी सोडून, "शेठ, मी तुम्हाला असा खोका काढून देतो की रेल्वे तुमच्या दारात येईल," असं सांगून ते आमच्याकडे आले. शेठनी त्यांना कपाटांच्या गोदामावरचा पोटमाळा दिला, दोन ड्रॉइंग बोर्ड दिले आणि ट्रेसर म्हणून मला दिलं. ट्रेसर म्हणजे आजगावकर पेन्सिलीने जे काढतील त्यावर निळसर कापड ताणायचं आणि काळ्या शाईने जसंच्या तसं गिरवायचं. त्यावरून मग निळे नकाशे निघत. ड्रॉइंगच्या परीक्षा मी चांगल्या मार्कांनी पास झाले होते आणि माझा हात हलत नसे. एप्रिलमध्ये मनगटाखाली रुमाल ठेवायचा, कारण घामाचा एक थेंब पडला की आठवड्याचं काम मातीमोल. स्वतःच्या डोक्याने एक रेघही मारायची नाही, हा ट्रेसरचा धर्म. माझ्यासारख्या बोलभांड मुलीला तो कसा जमला, हे कोडं आमच्या आईला शेवटपर्यंत सुटलं नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची ती वर्षं. मुंबई कुणाची, हा प्रश्न ट्रॅममध्येसुद्धा चाललेला असे. आजगावकर संध्याकाळी मोर्चात घसा फोडून घोषणा देत आणि सकाळी त्याच बसलेल्या घशाने शेठच्या केबिनमध्ये त्यांच्याबरोबर चहा घेत. शेठ म्हणत, "आजगावकर, मुंबई तुमाला पायजे तर घ्या. पण माझा खोका मला वेळेवर द्या." यावर दोघेही हसत. बाहेर दगड पडत होते तेव्हाही त्या केबिनमधला चहा कधी थांबला नाही.

मोर्चाचा राग आजगावकर ऑफिसात भाषेवर काढत. पोटमाळ्यावर इंग्रजी शब्द बंद. क्रेनला यारी म्हणायचं आणि वॅगनला वाघीण. दोन्ही शब्द खरे, छापील मराठीतले, पण खाली कारखान्यात ते कुणी बापजन्मात वापरले नव्हते. "खोका यारीने उचला" म्हटलं की कामगार एकमेकांच्या गळ्यात हात टाकून खोक्याकडे जात. मी एकदा म्हटलं, "साहेब, खाली तरी वॅगन म्हणू या. गोंधळ होईल." आजगावकर चष्म्यावरून बघत म्हणाले, "गो बाय, मुंबई मागायची मराठीत आणि वॅगन मागायची इंग्रजीत?" मीही वाघीण म्हणायला लागले.

आमच्या पहिल्या खोक्याची चाचणी कारखान्याच्या अंगणातच झाली. माल दिला होता दादरच्या पेंडशांनी. तेच वर सांगितलेले बरणीवाले. बरण्या भरल्या, दार लावलं, भाड्याच्या क्रेनने खोका उचलून लॉरीवर ठेवला. कुठे काही फुटलं नाही. पेंडसे खूश. मग दार उघडायला गेलो तर ते उघडेना. झालं असं होतं, की आमच्या मिस्त्रींनी दार कपाटासारखं बसवलं होतं, कागद जायचा नाही असं. खोका उचलला की तो किंचित पिळवटतो, सगळेच पिळवटतात, आणि त्या पिळात दार गच्च रुतून बसलं. मिस्त्री उलट अभिमानाने सांगत होते, "बघा, फिटिंग म्हणतात याला."

पेंडशांच्या बरण्या आत अडकल्या. दार कापायला शेठ तयार होईनात, म्हणून मिस्त्री रोज थोडं थोडं ठाकूनठोकून बघत. पेंडसे रोज दुकान उघडायच्या आधी येत, खोक्याच्या भिंतीवर टिचकी मारत आणि कान लावून ऐकत. मी विचारलं, "काय ऐकता?" म्हणाले, "जिवंत आहेत." शेवटी दार उघडलं तेव्हा बरण्या सगळ्या शाबूत होत्या. तरी पेंडसे जाताना आजगावकरांना म्हणाले, "तुमचा खोका उत्तम आहे हो. फक्त त्यात माल ठेवू नका."

हे शेठच्या कानावर गेलं. त्यांनी आजगावकरांना बोलावून सांगितलं, की आणखी एकच चाचणी, तीही मालधक्क्यावर, रेल्वेच्या साहेबांसमोर. खोका वॅगनवर नीट बसला तर पुढचं काम. नाहीतर पोटमाळा बंद आणि पुन्हा आरशाची कपाटं. आजगावकर वर आले आणि बराच वेळ नुसते पट्टी पुसत बसले. रेल्वेची नोकरी त्यांनी सोडली होती, तिथे परत जाता येणार नव्हतं.

माझंही सगळं त्याच खोक्यावर येऊन ठेपलं. आमचे अण्णा विमा कचेरीत कारकून. माझ्या नोकरीला त्यांची हरकत नव्हती, पण ती नोकरी आहे असंही त्यांना वाटत नव्हतं. लग्न ठरेपर्यंत पोरीला काहीतरी विरंगुळा, इतकंच. स्थळं येत होती. दादरचं एक स्थळ त्यांच्या फारच मनात भरलं होतं. मुलगा चांगला होता, खोटं कशाला बोलू. पण मुलाच्या आईने आधीच निरोप पाठवला होता की लग्नानंतर नोकरी नाही. मी अण्णांना म्हटलं, "पोटमाळा चालू राहिला तर मला नोकरी करायची आहे. बंद झाला तर तुम्ही म्हणाल तिथे उभी राहीन." अण्णा विचारात पडले आणि मग म्हणाले, "ठीक. एक तर तुझा खोका वाघिणीवर चढेल, नाहीतर तू बोहल्यावर." शब्द त्यांना आवडला होता, वाघीण.

या दोन चाचण्यांच्या मधे खोक्याने एक सभाही घेतली. दार सैल केल्यावर खोका एका वखारीत भरून बघायला नेला होता, तिथून परत आणताना लालबागच्या नाक्यावर लॉरी मोर्चात अडकली. उंच जागा दिसली की वक्ता चढतोच. बघता बघता खोक्याच्या छपरावर पाच-सहा जण. एक जण बोलत होता, बाकीचे पाय आपटत टाळ्या वाजवत होते. मी लॉरीत पुढे बसले होते. आजगावकर खाली रस्त्यावर उभे. एरवी असं भाषण त्यांनी डोळे मिटून ऐकलं असतं. त्या दिवशी ते वाकून वाकून छपराची कड बघत होते, पत्रा कुठे दबतो का म्हणून. सभा संपली, मंडळी उतरली. आजगावकर मला म्हणाले, "छप्पर पास." भाषण काय झालं ते त्यांना आजतागायत ठाऊक नसणार. जाताना कुणीतरी खोक्याच्या अंगावर डांबराने हातभर अक्षरांत "झालाच पाहिजे" लिहून ठेवलं. शेठनी कारखान्यात ते वाचलं आणि म्हणाले, "बरोबर लिव्हला हाय. खोका झालाच पायजे."

त्यावर रंग द्यायला भिकाजी पेंटरला बोलावलं. भिकाजी लालबागचा. वर्षभर आमच्या कपाटांवर नाव रंगवायचा आणि श्रावण लागला की सुट्टी टाकून गणपतींचे डोळे काढायचा. त्याने मला विचारलं, "बाय, बाजू झाल्या. दारासमोरच्या भिंतीवर काय काढू?" मी मान खाली घालून गिरवत होते. म्हटलं, "शोभेल असं काहीतरी काढ. परवा हा वाघिणीवर बसणार आहे."

भिकाजी गेला. त्याच्या मनात काय चाललंय ते मला कुठून कळणार? दोन दिवस त्याने त्या भिंतीवर जुनं धोतर टांगून ठेवलं होतं. आजगावकरांनी विचारलं तर म्हणाला, "रंग ओला हाय, धूळ बसंल." लॉरीवर खोका चढवला तेव्हा ती भिंत ड्रायव्हरच्या केबिनकडे आली, आणि ती कुणी पाहिलीच नाही.

चाचणीच्या दिवशी मालधक्क्यावर सगळे जमलो. शेठ रेशमी कोटात. रेल्वेचे साहेब घड्याळ बघत, कारण तो रूळ त्यांनी थोड्याच वेळासाठी मोकळा करून दिला होता. पेंडसे होते, कारण बरण्या पुन्हा त्यांच्याच, सैल दार स्वतः दहा वेळा उघडून बघितल्यावर त्यांनी दिलेल्या. आणि मालधक्क्याच्या फाटकाशी छत्री टेकून आमचे अण्णा. दादरची मंडळी त्याच संध्याकाळी मला बघायला यायची होती. खोका बसला तर अण्णा परस्पर दादरला जाऊन नका येऊ म्हणून सांगणार होते. घरी आईने पोहे भिजवायचे की नाही, हे त्या खोक्यावर ठरणार होतं.

क्रेनने खोका उचलला. केबिनच्या मागून तो जसजसा वर आला तसतशी समोरची भिंत सगळ्यांना दिसली. भिंतीवर देवी होती. अष्टभुजा, लाल शालू, कपाळभर मळवट, डोळे तर असे की आपल्याकडेच बघतेय. भिकाजीला गणपती बसून रंगवायची सवय, म्हणून देवी भिंतीच्या खालच्या भागात होती. तिच्या डोक्यावर वेल्डिंग करून एक जाड हूक लावला होता आणि हुकाला झेंडूचा भरगच्च हार. खाली वाघ मात्र काढला नव्हता.

हमालांनी वहाणा काढल्या. शेठनी हात जोडले. आजगावकरांनी कपाळाला हात लावला आणि त्यांची छापील मराठी पार गळून पडली. "ह्या काय केलंस रे मेल्या?"

भिकाजी शांतपणे म्हणाला, "बाय बोलली, खोका वाघिणीवर बसणार. वाघावर देवीच बसते. वाघ मी नाय काढला, तो तुम्ही देणार व्हता ना?"

हसायला वेळ नव्हता. क्रेनने खोका वॅगनवर आणला. त्या वॅगनला दोन्ही टोकांना छातीएवढ्या लोखंडी भिंती होत्या. बेत असा, की खोक्याची देवीची बाजू टोकाच्या भिंतीला भिडवायची आणि दार वॅगनच्या मधल्या मोकळ्या जागेकडे ठेवायचं, म्हणजे वॅगनवरही ते उघडता येईल. खोका आणि भिंत यांत आम्ही दोन बोटांची फट ठेवली होती, आणि हूक होता चांगला चार बोटं पुढे आलेला. हूक भिंतीच्या काठावर टेकला आणि खोका तिरका होऊन लटकत राहिला. आतून बरण्यांचा किणकिणाट ऐकू आला. पेंडशांनी डोळे मिटले.

मग जे सुरू झालं ते आपल्याकडे होतं तसंच. हूक कापा, तर गॅसचं सामान कारखान्यात. ठोकून वाकवा, तर हातोडा घ्यायला एकही माणूस पुढे येईना, देवीच्या डोक्यावर घाव कोण घालणार? शेठनी तर सांगूनच टाकलं, "हूकला हात नाय लावायचा." साहेबांनी पुन्हा घड्याळ बघितलं. आजगावकर खिशातली पट्टी काढून पुसायला लागले. त्यांचा चेहरा बघून मला भरून आलं. आणि फाटकाशी अण्णांनी छत्री उचललेली दिसली. त्यांनी निकाल लावून टाकला होता.

मला उपाय दिसत होता. ती दाराची बाजू मी तीन वेळा गिरवली होती. आमच्या कपाटवाल्यांनी खोक्याच्या दारालाही मूठ आत बसवली होती, पदर अडकू नये म्हणून. जणू नागपूरच्या मालगाडीत सगळ्या बायकाच चढणार होत्या. म्हणजे दाराची बाजू सपाट. ती भिंतीला बसेल आणि हूक मोकळ्या जागेकडे जाईल. खोका नुसता फिरवायचा होता.

मी म्हटलं, "खोका फिरवा. दाराची बाजू सपाट आहे." कुणी ऐकलं नाही. मी पुन्हा म्हटलं. क्रेनवाल्याने माझ्याकडे बघून, बाईमाणूस उन्हात उभी आहे, कुणीतरी पाणी द्या, असं सांगितलं. मूठ, फट, सपाट हे शब्द माझ्या तोंडून ऐकायची तिथे कुणाला सवयच नव्हती. मग माझा संताप झाला, आणि संतापात मला अक्कल सुचते, हा माझा जुना अनुभव आहे. मी सरळ शेठसमोर जाऊन उभी राहिले आणि गंभीर चेहरा करून म्हटलं, "शेठ, देवीचं तोंड दक्षिणेला आलंय. बसेल कशी?"

शेठचा चेहरा उतरला. "अरे, घुमाओ," ते ओरडले. "पैला घुमाओ."

एका शब्दावर सगळा मालधक्का हलला. खोका वर गेला, चार माणसांनी दोर धरून तो हवेत सावकाश फिरवला आणि खाली घेतला. तो आपल्या जागी असा बसला की आवाजसुद्धा झाला नाही. देवी मोकळ्या जागेकडे तोंड करून ऐसपैस झाली. दक्षिण खरंच कुठे होती, देव जाणे. त्या भागात रूळ बरेचसे उत्तर-दक्षिण जातात, म्हणजे निम्मी खरी ठरण्याची शक्यता होतीच.

एवढ्यात रेल्वेचे साहेब पुढे आले, त्यांनी भिंतीला चिकटलेलं दार बघितलं आणि विचारलं, "आता हे वाटेत उघडणार कसं?"

मी गार पडले. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आजगावकरांनी एक क्षण माझ्याकडे पाहिलं, एक क्षण दाराकडे. मग ज्या माणसाने आम्हाला वॅगन म्हणू दिलं नव्हतं, तो माणूस अस्खलित इंग्रजीत म्हणाला, की सर, उघडणार नाही, हेच तर आमचं डिझाइन आहे.

साहेब पहिल्यांदा हसले. वाटेत मालाला पाय फुटणं हे त्यांचं सगळ्यात मोठं दुखणं होतं. दार भिंतीला टेकवून ठेवलेला खोका वाटेत कुठला चोर उघडणार? त्यांनी दोन-तीनदा मान हलवली आणि शेठचा हात हातात घेतला. पुढे आमच्या सगळ्या खोक्यांना तोच नियम झाला, दार भिंतीकडे. दोन खोके एका वॅगनवर असले तर दाराला दार. आजगावकरांनी पुढे हजार ठिकाणी ही युक्ती आपली म्हणून सांगितली. मी ऐकत असले की थोडी पडत्या आवाजात सांगत, एवढंच.

पेंडशांनी भिंतीवर टिचकी मारली, कान लावला आणि बोट वर केलं. मी फाटकाकडे गेले. अण्णा तिथेच होते.

"बसला?" त्यांनी विचारलं.

"बसला."

ते छत्रीच्या मुठीकडे बघत राहिले. "बरं. मग मी दादरला सांगून येतो." दोन पावलं जाऊन थांबले. "तुझ्या आईने पोहे भिजवलेत पण. तिला खात्री नव्हती."

संध्याकाळी आम्ही तिघांनीच ते पोहे खाल्ले. अण्णांनी विचारलं, "काय गं, देवीचं तोंड खरंच दक्षिणेला होतं?" मी म्हटलं, "मला काय माहीत?" अण्णा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी पोटमाळ्यावर माझं शाईचं पेन दिसेना. त्या जागी पेन्सिल आणि रबर होतं. ट्रेसरला पेन असतं. पेन्सिल मिळते ती स्वतःच्या डोक्याने रेघ मारणाऱ्याला, कारण तो चुकणार हे धरलेलं असतं. आजगावकर म्हणाले, "तुझो हूक, तूच बसव आता." शेठ आणि कामगार हूक काढू देईनात आणि तो बाहेर आलेला चालणार नव्हता, कारण वॅगनवर दोन खोके असले की ती बाजू पुन्हा भिंतीला येणार. मी समोरच्या भिंतीत देवघराच्या कोनाड्यासारखा एक लहान कोनाडा काढला आणि हूक त्याच्या आत बसवला. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं डिझाइन. भिकाजीने बघितलं आणि म्हणाला, "बरं झालं, देवीला ऊन लागणार नाय."

पुढे स्थळं आली, मग कमी झाली, मग येईनाशी झाली. अण्णांनी पुन्हा कधी अट घातली नाही. मला खंत वाटली का? वाटली. रविवारी संध्याकाळी वाटायची. सोमवारी बोर्डापुढे उभी राहिले की जायची. अण्णा गेले तेव्हा त्यांच्या छत्रीची मूठ मी काढून घेतली, ती अजून माझ्याकडे आहे.

मी त्या पोटमाळ्याची प्रमुख होऊन बरीच वर्षं झाली होती, तेव्हा एक नवीन इंजिनियर आमची जुनी ड्रॉइंगं साफ करत होता. हुशार, नीटनेटका. माझ्याकडे कागद घेऊन आला आणि म्हणाला, "मॅडम, समोरच्या भिंतीत हा कोनाडा आणि हूक आहे. याच्यावर कसलाच भार येत नाही. इतकी वर्षं उगाच काढतोय आपण. खोडून टाकू?"

"राहू दे," मी म्हटलं. "त्याला माझं लग्न टांगलेलं आहे."

त्याला गंमत वाटली, तो हसला. मीही हसले आणि त्याच्या हातातलं रबर काढून घेतलं.